अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांचा लांबचा विमानप्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेला मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या घराचा शेवटचा आठवडा वजनकाट्याभोवती जातो. बॅग २३ किलोच्या आत बसते का हे तीन-तीनदा पाहिलं जातं, भाजणी ठेवायची की गोडा मसाला यावर वाद झडतात. ज्या शरीराला १५-१६ तास एका खुर्चीत बसायचंय, त्याची चौकशी मात्र कुणी करत नाही. पुढचे प्रश्न मुख्यतः साठी ओलांडलेल्या प्रवाशांचे आणि त्यांना तिकडून फोनवर सूचना देणाऱ्या मुलांचे आहेत. माहिती सर्वसाधारण आहे; तुमच्या आजारांबद्दल आणि गोळ्यांबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

मुंबई ते न्यूयॉर्क नेमके किती तास धरायचे?

तिकिटावर थेट विमानाचे १५-१६ तास लिहिलेले असतात. वाटेतल्या एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली, तर त्याहून जास्त. पण हिशोब घरापासून घरापर्यंतचा करावा. अमेरिकेची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. पुण्याचं कुटुंब संध्याकाळी गाडीत बसतं, द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत अडकतं, तीन तास आधी सहारला पोचतं आणि मग चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी अशा रांगांत उभं राहतं. तिकडे उतरल्यावर पुन्हा रांग, पुन्हा बॅगा, पुन्हा गाडी. सगळं मिळून २६ ते २८ तास सहज होतात. कोल्हापूर, नाशिक किंवा नागपूरहून निघणाऱ्यांचे आणखी जास्त.

म्हणून बॅगा आदल्या दिवशी बंद करा आणि निघायच्या दिवशी दुपारी दोन तास अंथरुणावर पडा. भेटायला येणाऱ्यांनाही आदल्या दिवशीच बोलवा. निरोप देणारे दहाजण हॉलमध्ये बसलेले असताना कुणी झोपायला जात नाही, आणि तिथूनच थकव्याची सुरुवात होते.

थेट विमान चांगलं, की मध्ये थांबणारं?

एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्या व्यक्तीसाठी थेट विमान, यात फार विचार करू नये. अनोळखी विमानतळावर गेट शोधत पळण्याचा ताण गुडघ्यांपेक्षा मनाला जास्त होतो.

दोघं असाल, आधी प्रवास केलेला असेल आणि पाठ किंवा गुडघे दुखत असतील, तर युरोपमार्गे जाण्याचा विचार करायला हरकत नाही. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण नऊ तास आणि पुढे पूर्व किनाऱ्यापर्यंत आठ-नऊ तास, म्हणजे प्रवास बरोबर मध्यावर तुटतो. आखातामार्गे तिकीट स्वस्त मिळतं, पण तिथे विश्रांती चुकीच्या जागी येते. दुबईपर्यंत जेमतेम तीन तास होतात, भर रात्री झोपेतून उठून विमान बदलायचं आणि पुढचे १४ तास तसेच शिल्लक. कुठलाही मार्ग घेतलात तरी मध्ये किमान अडीच-तीन तास ठेवा; सव्वा तासाचं कनेक्शन पंचवीस वर्षांच्या मुलांसाठी.

विमानात हवा विरळ असते म्हणजे नक्की काय?

विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं, पण आतला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका राखलेला असतो. कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. थोडक्यात, मुंबईच्या समुद्रसपाटीवर राहणारा माणूस अर्ध्या तासात महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षाही वर जाऊन बसतो आणि तिथे १५ तास राहतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत हा आकडा ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात, म्हणून त्यांतून उतरल्यावर डोकं कमी जड वाटतं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिसतो. भाड्यात फार फरक नसेल तर तो बघून निवडा.

अशा उंचीवर निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजनही घरच्या ९७-९८ टक्क्यांवरून ९० ते ९४ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. बहुतेकांना ते जाणवत नाही, फार तर थोडी सुस्ती येते. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयविकार किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांसाठी मात्र ही घट क्षुल्लक नाही. एक जुनी, सोपी परीक्षा आहे: एक जिना न थांबता, धाप न लागता चढता येतो का? येत नसेल, किंवा करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर घरात बसल्या जागी ९५ च्या खाली दाखवत असेल, तर तिकिटाआधी छातीच्या डॉक्टरांना भेटा. विमानात घरचं ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, वाहून नेण्याचं कॉन्सन्ट्रेटर यंत्र नेता येतं, पण त्याला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

डॉक्टरांकडे कधी जायचं आणि काय सांगायचं?

निदान महिनाभर आधी. आदल्या दिवशी गेलात, तर डॉक्टर गोळ्या लिहून देण्यापलीकडे काही करू शकत नाहीत.

काही गोष्टी न विचारता स्वतःहून सांगा. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास अजिबात करायचा नाही. वर गेल्यावर वायू प्रसरण पावतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूची साधी शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट, तिच्यानंतर डॉक्टर लवकर परवानगी देतात. गुडघा किंवा खुबा बदलला असेल, तर लांबचा प्रवास तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलायला सांगितलं जातं, कारण त्या काळात रक्ताच्या गाठीचा धोका सर्वाधिक असतो. ताजं प्लास्टर असेल, तर लांबच्या प्रवासाआधी ४८ तास जाऊ द्यावे लागतात. नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पोटाचं ऑपरेशन यांपैकी काहीही झालेलं असेल, तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागू शकतो. तो फॉर्म तिकीट काढतानाच मागा. काउंटरवर अडवणूक झाल्यावर त्याचा उपयोग नसतो.

पेसमेकर असेल, तर त्याचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा आणि सुरक्षा तपासणीला आधीच सांगा. हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका, एवढं सांगितलं की पुरे.

औषधं कुठे ठेवायची? भारतीय वेळेने घ्यायची की तिकडच्या?

सगळी औषधं हातातल्या पिशवीत. मोठी बॅग चुकू शकते, उशिरा येऊ शकते, आणि विमानाच्या पोटात गारठ्याने इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, रविवार-सोमवारच्या डबीत सुट्या करून नको. औषधाचं शास्त्रीय नाव लिहिलेलं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन जवळ हवं, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं अमेरिकेतल्या डॉक्टरला कळत नाहीत. आखातामार्गे जात असाल तर आणखी एक: कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात. खोकल्याच्या बाटलीवरचा मजकूरही वाचून घ्या.

दिवसातून एकदाची रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी असेल, तर प्रवासात घरच्या अंतराने घ्यावी आणि पोचल्यावर तिकडच्या सकाळवर आणावी. थोड्या तासांच्या फरकाने सहसा बिघडत नाही. रक्त पातळ करणाऱ्या, फिट्सच्या आणि पार्किन्सनच्या गोळ्यांना हे लागू नाही. त्यांचं तासवार वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

लघवी वाढवणारी पाण्याची गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर बंद करणारे बरेच आहेत. ती बंद करून पाय आणि छाती भरून घेण्यापेक्षा वेळ थोडी पुढेमागे करता येईल का, हे विचारा.

मला डायबेटिस आहे, इन्शुलिन घेते. कसं जमवायचं?

पश्चिमेला जाताना तुमचा दिवस लांबतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे निघालात तो दिवस ३३ तासांहून थोडा मोठाच होतो. २४ तासांसाठी घेतलेलं इन्शुलिन या ३३ तासांना पुरेल का, मध्ये थोडा जादा डोस लागेल का, हे तुमच्या इन्शुलिनच्या प्रकारावर ठरतं. परतताना उलटं होतं: दिवस आखडतो आणि नेहमीचाच डोस जास्त ठरून साखर खाली जाऊ शकते. म्हणून जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन वेगळी वेळापत्रकं हवीत.

जेवणाआधीचं इन्शुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नका. विमान हेलकावे खाऊ लागलं की कर्मचारी गाडा थांबवून आपापल्या जागी बसतात आणि जेवण तासभर लांबतं. साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू. दाबातल्या बदलाने पेनात हवेचे बुडबुडे येतात, तेव्हा डोस घेण्याआधी थोडं इन्शुलिन बाहेर सोडून पाहा. ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या आणि राजगिऱ्याचा लाडू समोरच्या खिशात असावेत. डोक्यावरच्या कप्प्यातली पिशवी ऐनवेळी हाताशी येत नाही.

पाय सुजतात. घाबरायचं का?

दोन्ही पाय घोट्याशी सारखे सुजले, दुखत नाहीत आणि पोचल्यावर एक-दोन दिवसांत उतरले, तर घाबरण्यासारखं काही नाही. तासन्तास पाय लोंबकळत राहिले की पाणी खाली उतरतं. म्हणून बूट सैल हवेत. काढले तर उतरताना चढणार नाहीत असे नकोत.

काळजी करायची ती एकाच पायाची. एका पोटरीत दुखणं, तीच सुजलेली, गरम आणि लालसर वाटणं हे शिरेत रक्ताची गाठ झाल्याचं लक्षण असू शकतं. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली, तर अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत दुखतं, खोकल्यातून रक्त येऊ शकतं. हे प्रवासातच होईल असं नाही; पुढचे काही आठवडेही लक्ष ठेवावं लागतं. असं झालं तर सोमवारची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालयात जा आणि लांबचा विमानप्रवास झाल्याचं सांगा.

धोका किती? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास गाठीची शक्यता साधारण दुप्पट होते, पण निरोगी माणसात ती तरीही सुमारे ६,००० मध्ये एक एवढीच असते. दोष उंचीपेक्षा निश्चल बसण्याचा. मोटार, बस आणि रेल्वेतही तो आहेच. पुणे-मुंबईचे चार तास या हिशोबात धरावेत ते यासाठी. पूर्वी गाठ झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अतिस्थूल, गर्भवती आणि हार्मोनच्या गोळ्या घेणारे यांना धोका जास्त.

फारशी माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे, १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या लोकांनाही धोका अधिक दिसला. म्हणजे सव्वापाच फुटांच्या आतल्या बहुतेक आया आणि मावश्या. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, सीटची कड गुडघ्यामागे रुतते आणि शीर दाबली जाते. उपाय फुकटचा आहे: पायाखाली छोटी पिशवी घ्या, म्हणजे मांडी सीटवरून उचलली जाईल.

मग व्यायाम कोणता करायचा?

जागे असाल तेव्हा दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा, वीस-वीस वेळा. पोटरी आकसली की रक्त वर ढकललं जातं, बाकी प्रकारांची गरज नाही. दर दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या. सीटवर मांडी घालून बसायची सवय असेल, तर ती थोडा वेळच. त्या बैठकीत गुडघ्यामागे दाब येतो.

हे जमायचं, तर जागा आतल्या वाटेच्या कडेची हवी. खिडकी मागून घेणारे दोन अनोळखी माणसांना उठवायचं म्हणून जागचे हलत नाहीत, आणि महासागरावरच्या अंधारात खिडकीतून दिसत काहीच नाही.

दाबाचे मोजे घ्यावेत का? ॲस्पिरिन घेऊन बसलं तर?

धोका जास्त असलेल्यांनी मोजे घ्यावेत. गुडघ्याखालपर्यंतचे, घोट्याशी १५ ते ३० मिलिमीटर पारा दाब देणारे, मापाने घेतलेले. सूज यायच्या आधी, म्हणजे घरूनच घालून निघायचं. वरची कड गुंडाळली गेली तर तिचाच फास बसतो. पायाच्या धमन्यांचा आजार असेल किंवा डायबेटिसमुळे तळव्याची संवेदना गेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर चालू ठेवा. केवळ विमानासाठी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. शेजारच्या काकांनी घेतली होती हे कारण पुरेसं नाही.

पाणी किती प्यायचं? सारखं बाथरूमला जावं लागेल म्हणून आई पाणीच पीत नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागचं खरं कारण सहसा बाथरूमची भीती हे असतं. ती आधी घालवा. दार ढकलून उघडायचं, आत जाऊन खटका पूर्ण सरकवायचा, तेव्हा दिवा नीट लागतो. बटण दाबल्यावर मोठा फुस्स आवाज होतो, तो हवेच्या ओढीचा. काही बिघडलेलं नसतं. पाण्याचा फवारा नसतो, फक्त कागद असतो, म्हणून रिकामी छोटी बाटली जवळ ठेवा आणि बेसिनवर भरून घ्या. जेवणाची ताटं उचलल्यावर लगेच रांग लागते. त्याआधी किंवा नंतर अर्ध्या तासाने जा. एवढं घरी सांगितलं, तर आई पाणी प्यायला लागते.

विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता साधारण २० टक्क्यांच्या खाली. घसा, नाक, डोळे, त्वचा कोरडी पडते. शरीरातलं पाणी त्यामुळे धोकादायक प्रमाणात आटतं, ही मात्र अतिशयोक्ती आहे. तासातासाला पेलाभर ढोसायची गरज नाही. दर थोड्या वेळाने दोन घोट आणि जेवणासोबत पेला, एवढं पुरे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती विमानातही तीच. बेसिनच्या नळाचं पाणी पिऊ नये. सुरक्षा तपासणीनंतर आपली रिकामी बाटली भरून घेता येते.

नाकात सलाइनचे थेंब, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन, डोळ्यांत डॉक्टरांनी सांगितलेले थेंब. कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपू नये.

जेवणाचं काय? घरचं नेलं तर चालेल का?

चालतं, आणि बहुतेकांना तेच बरं पडतं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, खाकरा, कोरडा चिवडा. दशमी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते, दातांचा प्रश्न असलेल्यांना सोयीची. तूप, लोणचं, मुरांबा, ओली चटणी हे द्रवपदार्थांत धरतात. १०० मिलीच्या वर असेल तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून त्याला मनाई आहे. आखातामार्गे जात असाल, तर खसखशीची पुडी आणि खसखस लावलेले अनारसे दोन्ही घरी ठेवा. अमिरातीत खसखस निषिद्ध आहे आणि तिथला कायदा कडक आहे. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये टाकून अमेरिकेत उतरू नका. ताजी फळं नेता येत नाहीत आणि जाहीर न केल्यास दंड होतो.

विमानातलंच जेवण घ्यायचं, तर किमान दोन दिवस आधी नोंदवा. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागा, कांदा-लसूण नको असेल तर जैन. ‘हिंदू मील’ या नावाला भुलू नका. अनेक कंपन्यांत ते गोमांस नसलेलं, पण मांसाहारी जेवण असतं.

उंचीवर दाब कमी झाला की पोटातला वायू पाव ते एकतृतीयांशाने फुगतो. राजमा, छोले, उसळी, कोबी, सोडा हे आदल्या दिवसापासूनच टाळा. ओवा-हिंगाचा उपाय ज्यांना लागू पडतो त्यांनी तो जरूर न्यावा. आणि जेवण मचूळ लागलं तर स्वयंपाक्याला दोष देऊ नका. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी केलेल्या चाचण्यांत कमी दाबाखाली खारट आणि गोड चव मंदावल्याचं दिसलं. रक्तदाब असलेल्यांनी म्हणून वरून मिठाची पुडी फोडू नये.

रात्री दोनला विमान सुटलं, तर तीनला जेवण येतं. घरून नीट जेवून निघाला असाल, तर ते सरळ नाकारून झोपावं. पैसे दिलेत म्हणून पहाटे तीनला पुलाव खायलाच हवा असं नाही.

वाटेत चतुर्थी किंवा एकादशी आली तर?

डायबेटिस असेल, तर त्या दिवशी उपवास नको. ३३ तासांच्या दिवसात उपवास कधी सुरू झाला आणि कधी सुटला हेच ठरवता येत नाही, आणि संकष्टीचा चंद्रोदय मुंबईचा धरायचा की ग्रीनलंडवरचा हा वादाचा विषय आहे. निरोगी असाल आणि मन मानत नसेल, तर फळं, राजगिरा, शेंगदाण्याची चिक्की यांवर राहा, पण पोट रिकामं ठेवू नका.

विमानात दारू फुकट मिळते म्हणून थोडी घेतली तर?

जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्रात यावर प्रयोग झाला आणि २०२४ साली तो ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विमानातल्यासारख्या दाबाच्या खोलीत १८ ते ४० वयाच्या निरोगी लोकांना मद्य देऊन झोपवलं, तेव्हा झोपेत त्यांचा ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ पर्यंत गेले. ही तरुणांची गोष्ट. हृदय किंवा फुप्फुस आधीच नाजूक असलेल्या सत्तरीच्या बाबांनी पेला बाजूला ठेवावा, विशेषतः नंतर झोपायचं असेल तर.

झोपेची अर्धी गोळी घेऊ का?

शक्यतो नको. गोळीच्या गुंगीत माणूस पाच-सहा तास कूसही बदलत नाही, आणि पायांना नेमकं तेच नको असतं. वयस्कर माणसं अर्धवट जागी होऊन गोंधळतात, अरुंद वाटेत पडतात. गोळी आणि मद्य एकत्र तर कधीच नाही. रोजची झोपेची गोळी आधीपासून चालू असेल, तर ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. पण नवी गोळी पहिल्यांदा विमानात करून पाहू नये.

त्याऐवजी कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, मानेला उशी. शाल आणि कानटोपी हवीच. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे तो बघायला कुणी झोपमोड करत नाही.

कान दुखतात, त्याला काय करायचं?

दुखतात ते मुख्यतः विमान उतरताना. आवंढा गिळा, जांभई द्या, लिमलेटची गोळी चघळा. तरीही दडे बसले तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकर मारा. जोर लावू नका. उतरायला अर्धा तास असताना झोपलेल्यांना उठवा, झोपेत आवंढा गिळला जात नाही. नातवंड सोबत असेल तर त्या वेळी दूध पाजा. जबर सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल, तर आधी डॉक्टर. रक्तदाब असलेल्यांनी नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.

एवढ्या लोकांत संसर्ग होणार नाही का?

विमानातली हवा समजतात तितकी कोंदट नसते. ती तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि पुन्हा वापरली जाणारी हवा हेपा गाळणीतून जाते. ती गाळणी ९९.९७ टक्के सूक्ष्म कण अडवते. खरा धोका शेजारी आणि मागच्या-पुढच्या रांगेत खोकणाऱ्याचा, आणि त्याहून जास्त विमानतळावरच्या रांगांचा. तिथे आणि विमानात चढता-उतरताना मास्क लावा. समोरचा ट्रे पुसून घ्या, खाण्याआधी हात धुवा.

चालता येतं, तरी व्हीलचेअर मागावी का?

मागतात बरेचजण, आणि कारण पायांचं नसून इंग्रजीचं आणि गोंधळाचं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. विमानतळावरची अंतरं मोठी असतात, तासभर उभं राहणं साठीनंतर सोपं नसतं. तिकिटासोबतच, निदान ४८ तास आधी नोंदवा.

माझं मत एवढंच, की गेटपाशी पोचल्यावर खुर्चीतून उठून थोडं चाला. पुढे पंधरा तास बसायचंच आहे. ज्यांना खरोखर फक्त भाषेची अडचण आहे, त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं कार्ड गळ्यात ठेवावं: नाव, फ्लाइट, मुलाचा फोन, आजार, गोळ्या, रक्तगट. अचानक बरं वाटेनासं झालं, तर कर्मचाऱ्यांनाही तेच कार्ड उपयोगी पडतं. त्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण असतं, विमानात हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र असतं आणि जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. त्रास लपवून ठेवू नका, कॉलचं बटण दाबा.

विमान हलायला लागलं की मळमळतं.

पंखांजवळची जागा घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. आलेपाक किंवा आवळासुपारी चघळा, मोबाइलवरून नजर काढा. उलटीच्या गोळ्यांनी वयस्करांना ग्लानी येते, म्हणून त्याही विचारूनच.

पट्टा मात्र बसलेले असताना सतत बांधलेला हवा, दिवा लागलेला असो वा नसो. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान अचानक जोरदार हेलकाव्यात सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले.

पोचल्यावर आठवडाभर झोपेचं खोबरं होतं. त्याला उपाय?

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. साडेनऊ तासांचा फरक भरून निघायला आठवड्याहून जास्त लागणारच. पहिले काही दिवस न्यू जर्सीत संध्याकाळी पाचला डोळे मिटायला लागतात, कारण पोटातल्या घड्याळात पहाटेचे अडीच वाजलेले असतात; आणि रात्री अडीचला टक्क जाग येते, कारण इकडे दुपारचे बारा झालेले असतात. हे सगळ्यांचं होतं, आजारपण नव्हे.

दुपारी उजेडात चालायला बाहेर पडा. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, गजर लावून. जेवणं पहिल्या दिवसापासून तिकडच्या वेळेला. रात्री जाग आली तर दिवे लावून भांडी घासायला घेऊ नका, आणि भारतात फोन लावून गप्पाही नकोत, त्याने मेंदूला पक्कं वाटतं की दिवस आहे. अमेरिकेत मेलाटोनिन दुकानात सहज मिळतं, पण रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर मुलाने आणून दिलं म्हणून घेऊ नका. मुलांसाठी एक विनंती: पहिल्या शनिवारी नायगारा ठेवू नका. आणि पहिले चार दिवस आई-बाबांवर नातवंडांची एकट्याने जबाबदारी किंवा गॅसवरचा स्वयंपाक टाकू नका.

परतताना काही वेगळं?

हो, परतीचा त्रास सहसा जास्त होतो. माणसाचं घड्याळ मुळात २४ तासांहून किंचित लांब चालतं, म्हणून दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखडणं जड. पूर्वेकडे येताना दिवस आखडतो. इन्शुलिनचं परतीचं वेळापत्रक निघण्याआधीच काढून ठेवा. मुंबईत उतरल्यावर पुण्यापर्यंतच्या गाडीत पुन्हा चार तास पाय लोंबकळणार, तेव्हा मोजे घरी पोचेपर्यंत काढू नका आणि वाटेत एकदा तरी गाडी थांबवून चाला. जेट लॅगमध्ये स्वतः गाडी चालवायची नाही. आणि सत्यनारायण, केळवण, बँकेची कामं जे काही असेल ते पुढच्या आठवड्यात.